जुना एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी करायची कामं

जुन्या एसीने खोली नीट गार होईना की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते "गॅस कमी झाला असेल." मेकॅनिक येतो, गॅस भरतो, काही दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पण एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो. गळती नसेल तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या अखेरपर्यंत पुरतो.

आठ-दहा वर्षं चाललेल्या यंत्राला बहुतेक वेळा आधी कमी पडते ती हवा. फिल्टरवर, आतल्या कॉइलवर (गॅसच्या नळ्यांच्या जाळ्यावर), ब्लोअरच्या म्हणजे आतल्या पंख्याच्या पात्यांवर आणि बाहेरच्या युनिटवर धूळ साचत जाते आणि हवेची वाट हळूहळू अरुंद होते. हा बदल इतका सावकाश होतो की कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून या लेखात कामांचा क्रम ठरवून लावला आहे: आधी मोजमाप, मग हवा, मग पाणी, वीज, खोली, आणि गॅस सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नका. आतली कॉइल मळलेली असताना गॅसचा दाब मोजला तर तो कमीच दिसतो. मग गरज नसताना गॅस भरला जातो आणि कॉइल धुतल्यावर तोच गॅस जास्त ठरतो. जास्त गॅस कॉम्प्रेसरला कमी गॅसइतकाच मारक असतो.

यंत्र नेमकं काय करतं

एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या कॉइलमध्ये थंड द्रवाच्या रूपात आलेला हाच गॅस खोलीच्या हवेतली उष्णता घेऊन वायू होतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबून आणखी गरम करतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो, मग बारीक नळीतून किंवा व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि तो थंड होऊन परत आत येतो.

एक टनाचा एसी म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचं एक माप), म्हणजेच सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढणारं यंत्र. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, त्यावरून हे माप आलं. दीड टनाचं यंत्र सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता हलवतं आणि जुन्या पद्धतीच्या एका वेगाच्या कॉम्प्रेसरला त्यासाठी साधारण पावणेदोन किलोवॉट वीज लागते. आत उष्णता घेताना किंवा बाहेर सोडताना अडथळा आला की वीज तेवढीच लागते, कित्येकदा वाढतेच, आणि उष्णता मात्र कमी हलते. लेखातल्या सगळ्या खटपटीचा उद्देश हे अडथळे काढणं हाच आहे.

आधी मोजा, मग हात लावा

स्वयंपाकघरात वापरतात तसा लांब सुईचा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. दारं-खिडक्या बंद करा, तापमान सर्वांत खाली आणि पंख्याचा वेग सर्वांत वर ठेवा आणि एसी वीस मिनिटं चालू द्या. मग भिंतीवरच्या युनिटच्या वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत ओढली जाते तिथलं, तापमान घ्या. त्यानंतर खालच्या झडपांमधून बाहेर येणाऱ्या हवेचं घ्या. सुई झडपेला किंवा कॉइलला टेकू देऊ नका.

या दोन आकड्यांमधला फरक साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस असायला हवा. फरक ५-६ अंशांवर आला असेल तर यंत्र उष्णता नीट हलवत नाही. आणि फरक १५ अंशांवर गेला असेल तर खूश होऊ नका! हवा फार कमी आणि फार सावकाश कॉइलवरून जाते आहे म्हणून ती जास्त गार होते आहे, असा त्याचा अर्थ असतो. झडपेपाशी हात ठेवला तर बर्फासारखी हवा आणि खोली मात्र तशीच तापलेली, हे लक्षण जुन्या यंत्रांत फार दिसतं आणि ते थेट मळलेल्या ब्लोअरकडे बोट दाखवतं. इन्व्हर्टर यंत्राचा वेग बदलता असतो, त्यामुळे तिथे मोजमाप खोली गरम असतानाच, यंत्र पूर्ण जोरात चालू असताना घ्यावं.

दमट दिवसात हा फरक कमी येतो आणि तो दोष नसतो. हवेतल्या बाष्पाचं एक लिटर पाणी करायला यंत्राची सुमारे ०.६८ किलोवॉट-तास एवढी गार करण्याची ताकद खर्ची पडते. दमट हवेत दीड टनाचं यंत्र तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतं. तेव्हा तापमानाच्या आकड्याबरोबर पाण्याकडेही बघा. थर्मामीटरवर फरक कमी दिसत असला आणि ड्रेन पाइपमधून धार लागली असली, तर यंत्र काम करतं आहे.

तिसरं मोजमाप विजेचं. घरातली बाकी उपकरणं बंद ठेवून एक तास एसी चालवा आणि मीटरवर किती युनिट पडले ते लिहून ठेवा. बाहेरचं तापमानही शेजारी लिहा. साफसफाई झाल्यावर तशाच हवामानात हीच मापं पुन्हा घ्यायची आहेत. त्यावरूनच कोणत्या कामाने खरा फरक पडला ते कळेल.

सुरक्षिततेचं आधी

रिमोटने बंद केलेल्या एसीत वीज असतेच. कव्हर उघडण्याआधी बोर्डावरचा एसीचा एमसीबी स्विच खाली करा. कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे मोटर चालायला मदत करणाऱ्या वीज साठवणाऱ्या भागात, वीज बंद केल्यावरही भार साठलेला असतो, त्यामुळे बाहेरच्या युनिटचं विजेचं झाकण घरच्या माणसाने उघडू नये. आणि बाहेरचं युनिट उंचावर, भिंतीच्या कडेला टांगलेलं असेल तर ते काम पट्टा आणि साधनं असलेल्या माणसाचं. खिडकीतून वाकून धुण्याचा मोह अजिबात नको.

फिल्टर

हे काम सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. रोज वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी जाळी काढा, आधी झटका किंवा व्हॅक्यूम करा, मग मळलेल्या बाजूच्या उलट बाजूने नळाचं पाणी सोडा. पाणी कोमट चालेल, ४० अंशांहून गरम नको, कारण जाळी वाकडी होते. सावलीत पूर्ण वाळवा. काळ्या कार्बनच्या किंवा कागदी घडीच्या छोट्या पट्ट्या बहुधा धुवायच्या नसतात. त्या जुन्या झाल्या की बदला किंवा काढून ठेवा. जास्त धूळ अडवावी म्हणून मूळ जाळीवर आणखी जाड कापड लावणं ही हवा अडवण्याची खात्रीची युक्ती आहे. ते टाळाच.

आतली कॉइल आणि ब्लोअर

फिल्टर नियमित धुणाऱ्या घरांतही हा भाग वर्षानुवर्षं अस्पर्श राहतो. जुन्या यंत्राची गेलेली ताकद परत मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता इथेच आहे.

समोरचं पॅनेल वर उचलून फिल्टर काढला की अॅल्युमिनियमच्या पातळ उभ्या पट्ट्यांची कॉइल दिसते. टॉर्चचा उजेड तिरका टाकून बघा. पट्ट्यांच्या मधल्या फटी मोकळ्या दिसत नसतील तर ती धुवायलाच हवी. कॉइलच्या एका टोकाला, बहुतेक यंत्रांत उजवीकडे, इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. ती प्लॅस्टिकने नीट झाका. आधी कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली, पट्ट्यांच्या दिशेनेच, धूळ उतरवा. आडवा ब्रश मारला तर पट्ट्या वाकतात आणि वाकलेली पट्टी म्हणजे कायमची बंद झालेली फट. मग आतल्या कॉइलसाठी असलेला फेसाचा क्लीनर मारा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा आणि फवारणीच्या बाटलीतून स्वच्छ पाणी मारून धुवा. खाली येणारं काळं पाणी ट्रेमधून ड्रेनकडे जातं. ते अडत असेल तर लगेच थांबा, आधी ड्रेन मोकळा करा.

अॅसिडचा क्लीनर कॉइलवर वापरू देऊ नका. तो झटपट चकाकी आणतो खरा, पण अॅल्युमिनियम खातो, आणि जुन्या पातळ झालेल्या नळ्यांना पुढे बारीक छिद्रं पडण्याची भीती वाढते. ब्लीचही तसंच. दोन वेगवेगळी रसायनं एकत्र करणं तर थेट धोक्याचं.

आता ब्लोअर. झडपा हाताने अलगद खाली करून आत टॉर्च मारा. लांब दंडगोलासारखा पंखा दिसेल. त्याच्या प्रत्येक पात्याला आतून बाक असतो आणि त्या बाकामुळेच पंखा हवा ओढून पुढे फेकतो. दमट हवेत धूळ त्या बाकात चिकटते, वर बुरशी धरते आणि पात्याचा बाक भरून निघतो. पंखा तेवढ्याच वेगाने फिरत राहतो, आवाजही तोच येतो, पण हवा पूर्वीच्या मानाने फारच कमी येते. एसी सुरू केल्यावर येणारा कुबट वासही बहुतेक वेळा इथूनच येतो.

ब्लोअर धुण्याची चांगली पद्धत म्हणजे युनिटखाली पाणी गोळा करणारी पिशवी लावून, पंखा हाताने थोडा थोडा फिरवत, प्रत्येक पातं ब्रशने आणि फवाऱ्याने साफ करणं. पात्यांवर कुठे छोटी क्लिप बसवलेली दिसली तर ती काढू नका. ती पंख्याचा तोल राखण्यासाठी असते आणि ती गेली की यंत्र थरथरायला लागतं. हे काम किचकट आहे. हात बसलेला नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण बोलावताना स्पष्ट सांगा: "ब्लोअर आणि कॉइल दोन्ही धुवायचं आहे." नुसतं "सर्व्हिसिंग करा" म्हटलं की पुष्कळदा फिल्टर धुऊन, कॉइलवर पाण्याचा फवारा मारून काम उरकलं जातं.

धुतल्यावर लगेच कूलिंग लावू नका. फक्त फॅन मोडवर तास-दोन तास चालवून आतलं सगळं वाळू द्या. पुढेही खोलीतून निघण्याआधी शेवटची पंधरा-वीस मिनिटं फॅन मोड ठेवण्याची सवय लावली तर कॉइल ओली राहत नाही आणि बुरशी सावकाश धरते.

कॉइलवर बर्फ दिसला तर तो खरवडू नका. कूलिंग बंद करून फॅन चालू ठेवा, बर्फ आपोआप उतरेल. बर्फ दोन कारणांनी धरतो: हवा कमी किंवा गॅस कमी. म्हणून आधी साफसफाई. त्यानंतरही बर्फ आला तर मग गॅसचा संशय घ्यायचा.

पाण्याची वाट

ट्रेमध्ये शेवाळासारखा चिकट गाळ साचतो आणि पाइप तुंबतो. मग आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी उतरतं. पाइपच्या बाहेरच्या टोकाला ओल्या कामाचा व्हॅक्यूम लावून ओढलं की गाळाचा गोळा बाहेर येतो. तोंडाने फुंकर किंवा आतल्या बाजूने जोराचा पंप मारू नका, कारण जुने सांधे सुटतात. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं आणि वाटेत कुठे वर चढणारा बाक नसावा. पाणी उताराने जातं, एवढंच ध्यानात ठेवून पाइपची पूर्ण वाट एकदा नजरेखालून घाला.

खिडकीच्या एसीत गोष्ट थोडी वेगळी. तो बाहेरच्या बाजूला किंचित कललेला असतो, आणि पुष्कळ मॉडेलमध्ये मागे साचलेलं पाणी पंखाच बाहेरच्या कॉइलवर उडवतो, त्याने कॉइल गार व्हायला मदत होते. मागून पाणी उडण्याचा आवाज आला म्हणून तळाला भोक पाडायची गरज नाही. मात्र त्याची ताजी हवा घेणारी खिटी उघडी राहिलेली नाही ना, आणि चौकटीभोवतीचा फोम झिजून फट पडलेली नाही ना, हे दोन्ही जरूर बघा.

बाहेरचं युनिट

आत घेतलेली सगळी उष्णता आणि कॉम्प्रेसरने घेतलेली वीज, दोन्ही मिळून बाहेरच्या कॉइलमधून हवेत जायचं असतं. इथे अडलं तर बाहेरच्या कॉइलचं तापमान आणि दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो. हे तापमान एका अंशाने वाढलं तरी विजेचा खर्च ढोबळमानाने २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. ऐन उन्हाच्या वेळी, गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होतो, हे बहुतेक वेळा इथल्या मळाचं लक्षण असतं. उष्णतेपासून वाचवणारा स्विच त्याला थांबवत असतो.

नेहमीच्या स्प्लिट युनिटमध्ये हवा मागून आणि एका बाजूने आत येते आणि समोरून बाहेर फेकली जाते. म्हणजे मळ मागच्या पृष्ठभागावर असतो, आपल्याला दिसणाऱ्या समोरच्या जाळीवर नसतो. पुढून पाणी मारून समाधान मानलं तर मूळ मळ तसाच राहतो. वीज बंद करून आधी पानं, जाळी, पक्ष्यांची काटक्यांची घरटी काढा. मग साध्या नळीच्या मंद धारेने, वरून खाली, पट्ट्यांच्या दिशेने धुवा. मेकॅनिककडून झाकण काढून घेता येत असेल तर आतून बाहेर धुणं उत्तम, कारण मळ आला त्याच वाटेने परत जातो. जोरदार दाबाचा जेट पट्ट्या आडव्या पाडतो. आडव्या पडलेल्या पट्ट्या सरळ करायला खास कंगवा मिळतो, आणि त्यावर घालवलेला वेळ सत्कारणी लागतो.

धुऊन झाल्यावर जागा तपासा. एसी चालू असताना युनिटच्या मागे तापमान मोजा, मग चार-पाच हात दूर मोकळ्या सावलीत मोजा. मागचं तापमान ३-४ अंशांनी जास्त असेल तर युनिट स्वतःचीच फेकलेली गरम हवा परत ओढतं आहे. समोर बंद जाळी, झडपांचं पॅनेल, कुंड्यांची रांग किंवा दुसऱ्या एसीचं तोंड, काहीतरी अडवतं आहे. अशा वेळी अडथळा हलवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा उपाय. युनिटवर सावली केली तर थोडा फायदा होतो, पण ती वर उंचावर असावी. हवेची वाट अडवणारं छप्पर किंवा कापडी खोळ फायद्यापेक्षा तोटाच करते.

पाइपवरचं आवरण

पुष्कळ घरगुती स्प्लिट एसींत दाब उतरवणारी बारीक नळी बाहेरच्या युनिटमध्येच असते. त्यामुळे बाहेरून आत येणारे दोन्ही तांब्याचे पाइप, जाड आणि बारीक, थंड असतात. उन्हाने काळा फोम ठिसूळ होऊन गळून पडतो, मग खोलीसाठी निघालेला गारवा वाटेतच जातो. दोन्ही पाइपांवर वेगवेगळं, बंद छिद्रांच्या रबरी फोमचं आवरण घाला आणि उन्हातल्या भागावर वरून संरक्षक टेप गुंडाळा. कमी खर्चाचं, तासाभराचं काम आहे.

वीज, कॅपॅसिटर आणि सेन्सर

एका वेगाच्या जुन्या यंत्रात कॅपॅसिटर हा झिजणारा भाग आहे. त्यावर मायक्रोफॅरॅडमध्ये आकडा आणि सोबत बहुधा ५ टक्के अधिक-उणे असं लिहिलेलं असतं. मोजल्यावर आकडा त्याहून खाली आला तर तो बदलायचा. लक्षणं ओळखता येतात: सुरू होताना कॉम्प्रेसर गुणगुणतो आणि खट्‌ करून थांबतो, किंवा बाहेरचा पंखा रेंगाळत फिरतो. "कॉम्प्रेसर गेला" असं ऐकल्यावर खर्चाला होकार देण्याआधी कॅपॅसिटर मोजून दाखवायला सांगा.

मेकॅनिक आलाच असेल तर क्लॅम्प मीटरने चालू यंत्राचा अँपिअर मोजून घ्या आणि युनिटवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघा. लिहिलेल्यापेक्षा बराच जास्त प्रवाह म्हणजे बाहेरची कॉइल मळलेली, व्होल्टेज कमी किंवा गॅस जास्त. बराच कमी प्रवाह म्हणजे गॅस कमी किंवा कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह ढिले. यंत्र चालू असताना सॉकेटपाशी व्होल्टेज फार उतरत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. ढिले स्क्रू, काळे पडलेले टर्मिनल, गरम होणारा प्लग यांकडे दुर्लक्ष करू नका. तिथूनच आग लागते.

एक छोटी पण फसवी गोष्ट म्हणजे खोलीचं तापमान ओळखणारा सेन्सर. साफसफाईत तो जागेवरून सरकून कॉइलला टेकला तर यंत्राला वाटतं खोली गार झाली, आणि कॉम्प्रेसर दोन मिनिटांत बंद होतो. सर्व्हिसिंगनंतर असं होऊ लागलं तर आधी तो परत त्याच्या क्लिपमध्ये बसवून घ्या. पडदा किंवा कपाटाचा वरचा भाग युनिटसमोर येत असेल तरी हाच प्रकार होतो: थंड हवा तिथेच वळून परत आत ओढली जाते.

खोलीवरचा भार कमी करा

यंत्राची ताकद वयाने थोडी घटलेली असणारच. मग तिच्यावरचा भार उतरवणं शहाणपणाचं. उन्हाच्या खिडकीला बाहेरून सावली दिली तर ऊन काचेच्या आत येतच नाही. आतला पडदा ते आत आल्यावर अडवतो, म्हणून त्याचा फायदा बराच कमी. वर थेट गच्ची असेल तर छतावर पांढरा परावर्तक रंग द्या. दाराखालच्या फटीपाशी पातळ कागदाची पट्टी धरा. ती हलली तर तिथून हवा जाते-येते आहे, रबरी पट्टी लावून टाका. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता देतो, मोठा संगणक त्याहून जास्त. जे बंद ठेवता येतं ते ठेवा.

छताचा पंखा मंद चालवा. पंखा हवा गार करत नाही, पण अंगावरून वारा गेला की २४ ऐवजी २६ अंशांवरही तेवढंच बरं वाटतं, आणि प्रत्येक वाढवलेल्या अंशामागे साधारण ५-६ टक्के वीज वाचते. एका वेगाचं यंत्र १६ वर लावल्याने लवकर गार करत नाही, फक्त जास्त वेळ चालतं.

आता गॅस

इथवरची सगळी कामं झाली, मापं पुन्हा घेतली आणि फरक अजूनही कमीच असेल, तर गॅसकडे वळा. खुणा अशा: बाहेरच्या युनिटपाशी बारीक पाइपच्या व्हॉल्व्हवर बर्फ, जाड पाइप जेमतेम गार, आतल्या कॉइलचा थोडाच भाग थंड आणि बाकी कोरडा, सांध्यांपाशी तेलाचे डाग. तेल गॅसबरोबर फिरत असतं, त्यामुळे जिथे तेल तिथे गळती.

गळती शोधल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. बरोबर काम असं होतं: उरलेला गॅस रिकाम्या टाकीत काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने सांधे तपासायचे. गळका सांधा नव्याने करायचा. मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचा, व्हॅक्यूम गेजवर सुमारे ५०० मायक्रॉनपर्यंत (उरलेल्या दाबाचं माप), आणि पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहतो का ते बघायचं. शेवटी युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार, वजनकाट्यावर टाकी ठेवून, वजनाने गॅस भरायचा. नुसत्या दाबावरून अंदाजाने भरणं जुन्या यंत्रात कसंबसं खपतं, इन्व्हर्टरमध्ये मुळीच नाही.

काम देण्याआधी हे चार प्रश्न विचारा:

- गळती कुठे आहे ते दाखवाल का?
- व्हॅक्यूम पंप आणि गेज आणलं आहे का?
- गॅस वजन करून भरणार का?
- यंत्राच्या पट्टीवर लिहिलेलाच गॅस भरणार ना?

चौथा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. पुष्कळ जुन्या यंत्रांत आर-२२ नावाचा गॅस असतो. तो ओझोनच्या थराला हानी करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आला आहे आणि दुर्मीळ, महाग होत जाणार आहे. आर-४१०ए त्याहून दीडपटीपेक्षा जास्त दाबावर चालतो, त्यामुळे तो आर-२२ च्या यंत्रात भरणं धोक्याचं. आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच, सहज पेटणारा. जे यंत्र त्यासाठी बनलेलंच नाही त्यात तो भरायला कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. दोन गॅस एकमेकांत मिसळणंही नको.

दुरुस्ती कुठे थांबवायची

सांध्यातली गळती दुरुस्त होते. पण आतल्या कॉइलच्या नळ्यांनाच बारीक छिद्रं पडू लागली की एक बुजवली तर दुसरी उघडते. तिथे पैसे घालू नयेत, नवी कॉइल मिळत असेल तर बदलावी. कॉम्प्रेसर मनापासून चालतो पण दाब तयार करत नाही, शिवाय यंत्र आर-२२ चं आणि बारा-पंधरा वर्षांचं, असं सगळं जुळून आलं तर नवं घेणंच स्वस्त. जुनं एका वेगाचं यंत्र एक युनिट विजेत अडीच-तीन युनिट उष्णता हलवतं. चांगलं इन्व्हर्टर यंत्र हंगामाच्या सरासरीत चार-पाच युनिट हलवतं. तुम्ही मीटरवर घेतलेल्या तासाच्या मापाला हंगामातल्या वापराच्या तासांनी आणि तुमच्या विजेच्या दराने गुणा, मग फरकातून नव्याची किंमत किती वर्षांत निघेल ते कळेल. रोज आठ-दहा तास वापर असेल तर उत्तर एक येईल, वर्षातून दोन महिने रात्रीपुरता असेल तर वेगळं.

नवं घेताना जुन्याचेच टन डोळे झाकून घेऊ नका. सावली, फटी आणि छताची कामं झाली असतील तर कदाचित लहान यंत्र पुरेल, आणि गरजेपेक्षा मोठं एका वेगाचं यंत्र खोली पटकन गार करून बंद पडतं, हवेतला दमटपणा मात्र तसाच ठेवतं. जुनं काढायला येणाऱ्याला पाइप सोडवण्याआधी पंप डाउन करायला लावा, म्हणजे सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे. कॉम्प्रेसर चालत असेल तर पाच-दहा मिनिटांचं काम आहे, तो बंद असेल तर गॅस काढून घेणारं यंत्र आणायला सांगा.